मांडीची टाच

मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. अंधेरीच्या ज्या हॉस्पिटलात मी स्टाफ नर्स आहे, तिथे नातेवाईक मला हेडमास्तरीण म्हणतात, तेही मला ऐकू जाईल अशा बेताने. म्हणू देत. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या उशाशी बसून वडापाव खाणाऱ्यांना कुणीतरी ओरडायला हवंच.

तर अशा मला त्या सोमवारी दुपारी साडेतीन वाजता ऑपरेशन थिएटरात उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

ड्यूटी खरं तर अडीचलाच संपली होती. घाटकोपरची मेट्रो पकडायची सोडून मी टोपी-मास्क चढवून भिंतीला चिकटून उभी होते. चेतना मॅडम सकाळी आठपासून जे करत होत्या, ते मला बघायचंच होतं. टेबलावर सुंदराबाई होत्या. वेसाव्याच्या कोळीण, वय पंचावन्न, आणि आवाज असा की वॉर्डातून हाक मारली तर गेटवरचा वॉचमन उठून उभा राहावा. बारा दिवसांपूर्वी बंदरावर बर्फाचा टेम्पो मागे येताना त्याचं चाक त्यांच्या उजव्या पायावरून गेलं. टाचेची कातडी खालच्या मांसासकट सोलून निघाली, हाड उघडं पडलं. आधी जिथे नेलं, तिथल्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याखालून कापावा लागेल असं सांगितलं. "तुजा काप आदी," असं त्यांना सुनावून सुंदराबाई नणंदेला घेऊन, पट्टीतून रक्त गळत असताना, रिक्षात बसून आमच्याकडे आल्या.

चेतना मॅडम आमच्या प्लास्टिक सर्जन. त्यांनी जखम धुऊन धुऊन स्वच्छ करून घेतली आणि मग सुंदराबाईंना विचारलं, "टाच गेली तर गेली. नवी करू. तुमच्या डाव्या मांडीला सध्या काही विशेष काम आहे का?"

म्हणजे असं, की मांडीवरून तळहाताएवढा कातडीचा आणि चरबीचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट उचलायचा, टाचेवर बसवायचा, आणि त्याची धमनी पायातल्या धमनीला, शीर पायातल्या शिरेला शिवायची. मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक दोऱ्याने. डॉक्टर मंडळी त्याला फ्लॅप म्हणतात. रक्त आत गेलं आणि बाहेरही आलं, तर तुकडा जगतो. यातलं एक जरी बंद पडलं, तर तो कुजतो, आणि मग पाय कापण्यावाचून इलाज राहत नाही.

साडेतीनला मॅडमनी रक्तवाहिन्यांवरचे इवलेसे चिमटे काढले. समोरच्या स्क्रीनवर टाचेवरचा तो तुकडा दिसत होता, पांढरा फटक, अगदी मेलेला. दहा सेकंद गेले असतील, मला ते दहा मिनिटांसारखे वाटले. मग एका कडेने गुलाबी रंग चढायला लागला. चढत चढत पार दुसऱ्या कडेपर्यंत गेला. अहो, सकाळी मांडी असलेला तुकडा दुपारी टाच म्हणून जिवंत झाला, माझ्या डोळ्यांदेखत! मी टाळ्या वाजवल्याच.

"कोण आहे गं ते?" मॅडमनी मान न वळवता विचारलं.

"माधुरी. वॉर्डची."

"मग टाळ्या काय वाजवतेस? तीन दिवस सांभाळून दाखव."

मंगळवारी सकाळी साडेसातला मी सुंदराबाईंच्या खोलीत हजर होते. खोलीतला एसी बंद, वर गरम दिवा लावलेला, कारण फ्लॅपला थंडी सोसत नाही; गारठ्याने रक्तवाहिन्या आखडतात. चहा बंद, कॉफी बंद, मशेरी तर पार बंद, त्यांनीही तेच होतं. मी दर तासाला जाऊन फ्लॅपचा रंग बघायचा, हात लावून गरम आहे का बघायचं, बोटाने दाबून सोडायचं आणि रंग किती वेळात परत भरतो ते मोजायचं. शिवाय डॉप्लर नावाचं छोटं यंत्र लावायचं. आतून रक्त वाहत असलं की ते फूस फूस आवाज करतं. हे सगळं तक्त्यात लिहायचं.

सुंदराबाई जाग्या होत्या. पाय उशांवर उंच ठेवलेला, सुईने बधिर केलेला, त्यांना त्यातलं काहीच कळत नव्हतं.

"सिस्टर, बाकी सोर. मी चालनार का नाय, तेवरा सांग."

"चालाल. हा तुकडा जगला तर चालाल."

"नुसती घरात चालून काय करू? होडी लागली का बंदरावर धावाला लागतं गो. लिलाव काय बसून व्हतो? जी पयली पोचते, तिला चांगला मासा. चाळीस वर्सं मी पयली पोचतेय."

हे बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. मला त्या क्षणी त्या फार आवडल्या. आणि मला कुणी आवडलं की मी जरा जास्तच बोलते.

"मावशी," मी म्हटलं, "मासा ताजा आहे का शिळा, तुम्ही कसं ओळखता?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "कल्ला उघडून बगाचा. लालभडक पायजे. मंग बोट दाबाचा. खड्डा तसाच रायला, म्हंजे शिला."

"झालं तर! हेही तसंच. बोट दाबायचं, सोडायचं, रंग परत भरतो का बघायचं. तुमच्या मांडीचा हा मासा ताजा राहिला पाहिजे."

काय खूश झाले मी स्वतःवर! आमचं गाव जालन्याकडचं. आमच्याकडे मासा म्हणजे सुकट, तीसुद्धा बाजाराच्या दिवशी. ताज्या माशातलं मला ओ की ठो कळत नाही, पण उदाहरण मात्र झकास जमलं होतं. पर्समधला माझा छोटा आरसा काढून मी त्यांच्या हातात दिला, म्हणजे त्यांनाही पडल्या पडल्या टाच दिसेल. नणंद सरूबाई दाराशी उभी राहून हे सगळं मन लावून ऐकत होती. पदराने कपाळ पुसत तिने विचारलं, "सिस्टर, पन एवऱ्या गरमीत..."

"भेटायची वेळ संपली," मी म्हटलं. "बाराला या."

तिचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. माझी खोडच आहे ती.

एक वाजता मी खोलीत गेले. सुंदराबाई घोरत होत्या, सरूबाई स्टुलावर हात जोडून बसली होती. मी पांघरूण थोडं बाजूला केलं. फ्लॅप पांढरा पडला होता. हात लावला तर गार. बोट दाबलं तर रंगात काही फरकच नाही, कारण रंगच नव्हता. डॉप्लर लावला. नुसती खरखर. वाट लागली, माझ्या मनात आलं, वाट लागली या बाईच्या पायाची.

मी बेल दाबली आणि सुंदराबाईंना गदागदा हलवलं. "मशेरी लावली ना? खरं सांगा!"

"कोन? मी?" त्या झोपेतून उठल्या त्या थेट भांडायलाच. "आयची आन हाय! हात नाय लावला!"

"मग असं कसं झालं? कुठे लपवलीय डबी?" मी उशी उचलली, चादर ओढली, आणि माझा हात चिंब ओला झाला. मी पांघरूण पूर्ण फेकून दिलं. पायाच्या दोन्ही बाजूंना, चादरीच्या घडीत नीट बसवलेल्या, फोडलेल्या बर्फाच्या चार पिशव्या होत्या.

सरूबाई स्टुलावरून उठून पुढे आली.

"बंदरावरचा हाय," सरूबाई हळूच म्हणाली. "चांगला बरफ. एवऱ्या गरमीत मासा दोन तासांत नासतो, सिस्टर. वयनीचा पाय नासला असता ना. तूच सांगलंस, ताजा रायला पायजे."

त्यानंतर मी जशी ओरडले तशी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पिशव्या बाहेर फेकता फेकता, पाय कोरडा करता करता, गरम कपडे लपेटता लपेटता मी ओरडतच होते. चेतना मॅडम जिन्याने धावत आल्या तेव्हाही माझं तोंड चालूच होतं.

"गप्प बस आणि घड्याळ बघ," त्या म्हणाल्या. "वीस मिनिटं. नाही उघडल्या रक्तवाहिन्या, तर परत थिएटर."

पाच मिनिटं, खरखर. दहा मिनिटं, खरखर. सुंदराबाई आरसा धरून टाचेकडे टक लावून बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटलेले. सरूबाई दाराबाहेर भिंतीशी उकिडवी बसून रडत होती. बाराव्या मिनिटाला काहीतरी फुसफुसलं. मॅडमनी यंत्र केसभर सरकवलं. फूस... फूस... फूस. आणि टाचेच्या कडेला गुलाबी रंग दिसला, काल थिएटरात दिसला होता अगदी तसा.

"आला!" आम्ही तिघी एकदमच ओरडलो.

मॅडमनी घाम पुसला. "बर्फाची आयडिया कुणाची?"

सरूबाई उठायला लागली. मी मध्येच बोलले, "माझी, मॅडम. म्हणजे, माशाचं उदाहरण मी दिलं होतं."

"अर्धंच दिलंस," मॅडम म्हणाल्या. "मासा मेलेला असतो. हा जिवंत आहे. एवढं सांगायचं राहिलं."

माझे कान तापले. चूक माझी होती, म्हणूनच की काय, मला जास्त राग आला. मॅडम गेल्यावर मी जाहीर करून टाकलं, "आजपासून या खोलीत मासा हा शब्द कुणी काढायचा नाही. मासा बंद!"

सुंदराबाईंनी मान डोलावली. सरूबाई तर दिवसभर उंबरा ओलांडून आतच आली नाही.

बुधवार सुरळीत चालला होता. आठला गुलाबी, नऊला गुलाबी, दहाला गुलाबी. एक वाजता मी तक्त्यात लिहिलं: रंग चांगला, गरम, आवाज स्पष्ट. दोन वाजता मी दुसऱ्या सिस्टरला चार्ज द्यायची तयारी करत होते, तेव्हा हाक आली. गेटवर ऐकू जाणारी.

"सिस्टर! कल्ला बिगडलाय!"

"मावशी, मासा बंद म्हटलं ना?"

"मासा नाय म्हटला मी. कल्ला म्हटला. ये, बग."

मी बघितलं. मला गुलाबीच दिसला. हात लावला, गरम. दाबून सोडलं, रंग चटकन भरला. डॉप्लर लावला, फूस फूस फूस, मस्त. मी आमचे ज्युनिअर डॉक्टर अनिरुद्ध यांना बोलावलं. त्यांनीही सगळं तपासलं. "ओके आहे. मावशी, टेन्शन नका घेऊ."

"लवकर भरतोय," सुंदराबाई हट्टाने म्हणाल्या. "जास्तीच लवकर. सकाली असा नव्हता. आनि रंग बग. लाल नाय तो. पेटीत तलाला मासा दबून रायला, का त्याच्यात रगत साचतं, मंग जांभला दिसतो. तसा व्हतोय. सकालपासून मी दुसरा काय बगतेय?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. काल बारा मिनिटं ओठ मिटून बसलेली बाई होती ती. आज ती घाबरली होती, आणि घाबरूनही नेमकं बोलत होती. एक गोष्ट मला टोचायला लागली. काल सरूबाईचं वाक्य मी अर्ध्यात तोडलं होतं. ते पुरं ऐकलं असतं तर बर्फ आलाच नसता.

"सर, मी मॅडमना फोन करते."

अनिरुद्ध सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मॅडमची आज मुलुंडला ओपीडी आहे. तिथून एवढ्या ट्रॅफिकमधून बोलवायचं? पेशंटला जांभळं दिसतं म्हणून? काय यार, सिस्टर!"

मी फोन लावलाच.

"डॉप्लर?" मॅडमनी विचारलं.

"आहे. चांगला आहे."

"रंग?"

"मला गुलाबी दिसतो, मॅडम. मावशींना जांभळा दिसतो. रक्त साचलंय म्हणतात. रंग जास्तच लवकर भरतो म्हणतात."

मला वाटलं, आता हसतील. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. "असं म्हणाल्या? रंग लवकर भरतो असं त्या स्वतः म्हणाल्या? अनिरुद्धला सांग, फ्लॅपला सुई टोचून बघ. आणि थिएटर तयार ठेवा. मी निघाले."

अनिरुद्ध सरांनी सुई टोचली. लाल थेंब यायला हवा होता. आला तो काळपट, जांभळा, आणि थांबेचना. त्यांनी मुकाट्याने कडेचे दोन टाके सैल केले आणि थिएटरला फोन लावला. रक्त आत जात होतं म्हणून यंत्र फूस फूस करत होतं; बाहेर यायची शीर तुंबली होती, म्हणूनच दाबून सोडल्यावर रंग एवढा लवकर भरत होता. तासाभरात तो जांभळा रंग मलाही दिसला असता. पण मला दिसण्याची वाट बघत बसलो असतो, तर उशीर झाला असता.

मी चार्ज दिला नाही. सुंदराबाईंची गाडी ढकलत मीच थिएटरपर्यंत गेले. दाराशी त्यांनी माझं मनगट धरलं. "सिस्टर, बरोबर बोलली का मी?"

"शंभर टक्के बरोबर, मावशी."

"मंग मी धावनार," त्या म्हणाल्या आणि आरसा मुठीत धरून आत गेल्या. थिएटरात आरसा चालत नाही, हे सांगायचं मला सुचलंच नाही.

मॅडम पन्नास मिनिटांत आल्या. कशा आल्या ते त्यांचं त्यांना माहीत. शिरेत जोंधळ्याच्या दाण्याएवढी गुठळी सापडली. ती काढली, शीर पुन्हा शिवली. सहा वाजता त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीची रेघ उमटली होती आणि त्या हसत होत्या. पुढे होऊन त्यांनी सरूबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "पाय वाचला. तुमच्या वहिनीनेच वाचवला."

सरूबाई माझ्याकडे बघत राहिली. काल मी तिला काय काय बोलले होते ते सगळं मला आठवलं. मी तिच्याशेजारी बाकावर बसले आणि म्हटलं, "सरूबाई, कालचं माफ करा. मी तुमचं वाक्य पुरं ऐकायला हवं होतं." तिने पदराने नाक पुसलं आणि आम्ही दोघी मिळून रडलो. हेडमास्तरीण रडते आहे, ही बातमी पाच मिनिटांत चौथ्या मजल्यापर्यंत गेली.

चार महिने गेले. टाच भरली, मग आधाराने उभं राहणं, मग काठी, मग मऊ तळाची खास चप्पल. मांडीच्या कातडीला टाचेचं काम शिकायला वेळ लागतो. तिला खालचा खडा टोचलेला कळत नाही, म्हणून रोज आरशात बघायचं असतं, कुठे फोड तर आला नाही ना. आरसा अर्थात माझाच. तो काही मला परत मिळाला नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मी पहिली मेट्रो पकडून वेसाव्याला उतरले आणि रिक्षाने बंदरावर गेले. निरोपच तसा होता: "सकाली ये, बगाला." ऊन नुकतंच चढत होतं. बायका घोळक्याने उभ्या होत्या आणि एक होडी धक्क्याकडे येत होती. सुंदराबाईंनी लुगड्याचा काष्टा खोचलेला, पायात ती चप्पल. शेजारी सरूबाईने प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलेलं, आणि त्या स्टुलाकडे त्या ढुंकूनही बघत नव्हत्या.

होडी लागली. आणि त्या निघाल्या. धावल्या असं मी म्हणणार नाही. उजवा पाय जरा बाहेर टाकत, हलकासा लंगडत, पण काय झपाट्याने! दोन तरण्या बायकांना कोपराने बाजूला सारून त्या होडीपाशी पहिल्या पोचल्या. कल्ला उघडला, बोट दाबलं, आणि त्यांची बोली अख्ख्या बंदराने ऐकली. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं, जसं काही त्या होडीत माझंच काहीतरी आलं होतं. मी टाळ्या वाजवल्या. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. बघू देत.

एक अख्खी सुरमई उचलून सुंदराबाई माझ्याकडे आल्या. चालत. त्यांच्या मांडीच्या टाचेवर.

"ही तुला. नाय म्हनाचं नाय. सरू, बांद गो हिला. घाटकोपरपर्यंत जायाचीय, बरफ भरपूर घाल."

सरूबाईने बर्फाच्या पेटीत हात घातला, मूठ भरून घेतली, आणि तिथेच थांबली. बर्फ तिच्या बोटांतून ठिबकत होता. तिने हळूच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"सिस्टर," तिने विचारलं, "घालू?"

"आधी सांगा, एवढ्या गरमीत मासा किती तास टिकतो?" मी म्हटलं. "सावकाश सांगा. मला घाई नाही."